वाहत्या बोअरचा मिस्त्री

मिस्त्रींनी आयुष्यात एकसष्ट बोअर मारल्या आणि एकसष्टही लागल्या. याचं सगळं श्रेय गाव त्यांना देत आलं होतं आणि त्यांनीही ते कधी नाकारलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या गावात डोळे बांधून कुठंही पहार खुपसली आणि पुरेशी खोल नेली तरी पाणी लागलंच असतं. पण पुरेशी खोल म्हणजे एकशे सत्तर फूट, आणि एवढी लांब पहार कोणाकडे नव्हती. मशीन होतं ते फक्त मिस्त्रींकडे.

या पाण्याची खासियत अशी की ते उपसावं लागत नसे. भोक खालच्या वाळूपर्यंत पोहोचलं की पाणी आपणहून वर येई आणि पाइपच्या तोंडातून बाहेर पडू लागे, ना मोटर, ना दोर. गावातल्या पोरांना हापसा म्हणजे काय ते पुस्तकातल्या चित्रावरून शिकवावं लागे.

हे पाणी वर कसं येतं असं कोणी विचारलं की मिस्त्री गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागवत. ती पाण्यानं भरत, एक टोक विचारणाऱ्याच्या हातात देऊन त्याला स्टुलावर चढवत, आणि दुसरं टोक जमिनीलगत स्वतःच्या अंगठ्यानं दाबून धरत. "तुझ्या हातात आहेत ते डोंगर," ते सांगत. डोंगर गावापासून चाळीस किलोमीटरवर होते. तिथं वाळूचा एक जाड थर जमिनीवर उघडा पडलेला आहे. पाऊस त्या वाळूत मुरतो. तो थर तिरका उतरत उतरत गावाच्या खाली येतो, पण इथं त्याच्या डोक्यावर दीडशे फूट चिकणमाती बसलेली आहे आणि बुडाशी पक्का खडक. चिकणमातीतून पाणी वर झिरपत नाही, खडकातून खाली जात नाही, आणि डोंगरावरचं नवं पाणी मागून रेटा देतच असतं. "आपण इथं अंगठ्याच्या जागी बसलोय," असं म्हणून मिस्त्री अंगठा काढत आणि आजूबाजूच्यांच्या चपला भिजत. भूगर्भशास्त्राचा हा धडा गावातल्या पुष्कळांनी घेतला होता. त्यातल्या बहुतेकांच्या लक्षात चपला राहिल्या होत्या.

गावात या बोअरबद्दल नियम एकच होता, आणि तोही मिस्त्रींनीच घालून दिलेला: बोअर बंद करायची नाही. तोंडाला व्हॉल्व्ह लावायचा नाही, बूच मारायचं नाही, पाण्याची गरज असो नसो, वाहू द्यायचं. बंद केली की खालची वाळू पाइपात बसते, तोंड बुजतं आणि बोअर मरते, असं ते सांगत. भाड्यानं राहायला येणाऱ्या माणसाला घरमालक कुलपाची किल्ली द्यायच्या आधी हे सांगत असे. हार्डवेअरच्या दुकानात चाळीस वर्षांत एकच व्हॉल्व्ह येऊन पडला होता आणि दुकानदार तो कागदांवर ठेवायला वापरत होता. घराघरातून निघालेलं पाणी रस्त्याकडेच्या नाल्यांतून गावाच्या टोकाला जाई आणि तिथं त्याचं एक तळं झालं होतं. तळ्याचा उपयोग कोणालाच नव्हता. बदकं मात्र मजेत होती.

आता या नियमामागचं खरं कारण. ते मिस्त्रींखेरीज कोणाला माहीत नव्हतं, म्हणून इथं स्पष्टच सांगितलेलं बरं.

वाहती बोअर मारायची एक रीत आहे. चिकणमाती संपत आली की थांबायचं. वाळूला हात लावायचा नाही. भोकात लोखंडी पाइप उतरवायचा, पाइप आणि माती यांच्यामधल्या फटीत खालपासून वरपर्यंत पातळ सिमेंट भरायचं आणि ते घट्ट होईपर्यंत तीन दिवस गप्प बसायचं. मग पाइपाच्या आतून उरलेली दोन-चार फूट माती फोडून वाळूत शिरायचं. असं केलं की पाण्याला वर यायला पाइपाखेरीज वाट राहत नाही. मिस्त्रींना हे सगळं नीट येत होतं. अडचण होती ती फक्त तीन दिवस गप्प बसण्याची. घरमालक बादल्या घेऊन उभे, शेजारी खुर्च्या टाकून बसलेले, बायका खिडकीतून विचारतायत की अजून किती वेळ. पंचविशीतल्या मिस्त्रींना त्यांच्यासमोर हाताची घडी घालून बसणं जमलं नाही. चिकणमाती पाइपाला आवळून धरतेच की, असा विचार करून त्यांनी सिमेंटाला फाटा दिला आणि दुसऱ्या दिवशीच पाणी काढून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांची सवय वाईट असते.

चौथी बोअर बेकरीवाल्याची. त्यानं हौसेनं व्हॉल्व्ह लावला आणि एका शनिवारी बंद केला. सोमवारपर्यंत त्याच्या पिठाच्या खोलीची फरशी ओली झाली आणि मागची भिंत चार बोटं खचली. पाण्याला पाइपाचं तोंड बंद मिळालं तेव्हा त्यानं पाइपाबाहेरची फट शोधून काढली होती. मिस्त्री धावत गेले, व्हॉल्व्ह उघडला, तासाभरात गळती थांबली. बेकरीवाल्यानं विचारलं काय झालं. मिस्त्रींनी बोअर बंद करायची नसते एवढंच सांगितलं. आपण खोटं बोलतोय असं तेव्हा त्यांना वाटलंही नाही, आपण घाईत आहोत एवढंच वाटलं.

पुढं त्यांनी प्रत्येक बोअरची नोंद ठेवायला एक वही केली. क्रमांक, मालक, किती फुटांवर माती, किती फुटांवर वाळू, आणि शेवटी 'सिमेंट' असा एक रकाना. रकाना आहे म्हटल्यावर तो भरायला हवा, म्हणून त्यांनी प्रत्येक ओळीत बरोबरची खूण केली. एकसष्ट खुणांपैकी एक खरी होती. सातवी बोअर त्यांच्या स्वतःच्या घरची. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, घरात कोणी नाही, घाई करणारं कोणी नाही, त्यामुळं तीन दिवस कसे गेले ते कळलंही नाही.

त्या बाळंतपणातली मुलगी म्हणजे थोरली. धाकटी लग्न होऊन लांब गेली, थोरली गावातच राहिली. वरच्या आळीत तिची लाँड्री होती. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, शाळेचे पडदे असं सगळं तिच्याकडे येई. हाताखाली चार बायका होत्या. तिची बोअर क्रमांक बावन्न, बापानं दुकानासाठी भेट म्हणून मारून दिलेली.

वरची आळी खालच्या आळीपेक्षा तीस फूट उंचावर आहे. मिस्त्रींनी पहिली बोअर मारली तेव्हा खालच्या आळीत पाइपाला वर वर जोड देत गेलं तर पाणी पंचेचाळीस फुटांपर्यंत चढून उभं राहत असे. म्हणजे वरच्या आळीतही जमिनीच्या वर पंधरा फूट. मग एकसष्ट तोंडं रात्रंदिवस वाहत राहिली. डोंगरावरून वाळूतून येणारं पाणी पाय ओढत येतं, त्याला इथं पोहोचायला कित्येक पिढ्या लागतात. जाणारं मात्र पळत जात होतं. रेटा कमी कमी होत गेला. आता खालच्या आळीत पाणी जेमतेम आठ फूट चढे, आणि वरच्या आळीत ते जमिनीखाली बावीस फुटांवर जाऊन बसलं होतं. थोरलीनं मोटर आणली. पण बोअरचा पाइप दोन इंची, त्यात पाण्यात बुडणारी मोटर शिरेना, आणि वर बसवलेली मोटर बावीस फुटांवरून अर्धी बादली पाणी आणि अर्धी बादली हवा ओढी. शेवटी जावई रोज सकाळी टेम्पोत पिंपं घालून सासऱ्याच्या घरी येऊ लागले. मिस्त्रींचं घर खालच्या आळीत, तिथं अंगणात पाणी वाहतच होतं. चारपैकी दोन बायकांना थोरलीनं कामावरून कमी केलं होतं आणि इस्पितळानं उन्हाळ्यापर्यंत वाट पाहू असं कळवलं होतं.

थोरली हात टेकणारी नव्हती. तिनं पाणी खात्यात अर्ज केले, खेटे घातले, आणि वर्षभरानं एक मॅडम गावात आल्या. त्यांच्याजवळ दाब मोजायचं घड्याळासारखं एक यंत्र होतं. त्या बोअर बोअर फिरल्या आणि निदान अगदी सोपं निघालं. बंद करा. ज्याला जेव्हा पाणी हवं तेव्हाच उघडा. त्यांच्या हिशेबानं सहा महिन्यांत खालच्या आळीत पाणी पस्तीस फुटांवर गेलं असतं आणि वरच्या आळीत आपणहून वाहू लागलं असतं. वाळू बसून तोंड बुजतं याबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या की थोडीफार बसते, अधूनमधून उघडली की निघून जाते.

एकच गोष्ट त्यांना खात्रीनं हवी होती, आणि ती विचारायला त्या मिस्त्रींच्या घरी आल्या. मिस्त्रींनी काही बोलायच्या आत थोरलीनं आतून वही आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. मॅडमनी ती पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. मग चष्मा काढला.

"काका, दुसऱ्या कुठल्याच गावात मला हे करता आलं नाही," त्या म्हणाल्या. "तिथं सगळ्यांनी घाई केलेली. बंद करायला गेलं की घरांखालून पाणी फुटतं. तुम्ही एकसष्टच्या एकसष्टांना सिमेंट केलंय, म्हणून इथं जमतंय."

थोरलीनं बापाकडे पाहिलं. तिला इतका अभिमान वाटलेला मिस्त्रींनी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी चहाचं विचारलं आणि आत निघून गेले.

पुढच्या एक तारखेला सकाळी अकरा वाजता सगळ्या बोअर एकदम बंद करायच्या असं ठरलं. एकसष्ट पितळी व्हॉल्व्ह खोक्यात भरून आले आणि थोरलीच्या दुकानात, जिथं पूर्वी चादरींचे ढीग असत तिथं, ठेवले गेले. हाताशी बारा दिवस होते. पहिले आठ मिस्त्रींनी व्हॉल्व्हमध्ये खोड काढण्यात घालवले. आटे बारीक आहेत म्हणाले, ते पाइपावर बरोबर बसले. पितळ हलकं आहे म्हणाले, मॅडमनी तपासणीचा कागद दाखवला. बेकरीवाल्याच्या मुलाला सहज म्हणून त्यांनी विचारलं की फरशी कशी आहे. तो म्हणाला, "छान आहे काका, का?" मिस्त्रींनी पाव घेतला. घरी आधीच दोन पाव पडले होते.

त्यांना झोप लागत होती, भूकही लागत होती. फक्त कुठल्याही घरात गेलं की त्यांची नजर खाली फरशीवर जाई. इथं पाळणा आहे. इथं म्हातारी जमिनीवर अंथरूण घालते. इथं दुमजली घर उभं आहे आणि बोअर बरोबर जिन्याच्या पायथ्याशी. बोललं तर बंद करणं लांबणार होतं, आणि लांबलं की थोरलीची लाँड्री उन्हाळा काढणार नव्हती. न बोललं तर तिचं पाणी परत येणार होतं, आणि त्या पाठोपाठ कोणाची तरी भिंत बसणार होती. या सगळ्यात आपली अब्रू तिसऱ्या नंबरला आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. ती तशी नव्हती. ती पहिल्या नंबरलाच होती, आणि याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

एक तारखेच्या चार दिवस आधी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. मॅडमनी फळ्यावर डोंगर काढला, वाळूचा तिरका थर काढला, त्यावर माती आणि खाली खडक. अशा बोअरला शास्त्रात आर्टेशियन म्हणतात असंही सांगितलं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा वाहती बोअर असंच म्हणू लागले. थोरली व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते दाखवत होती. तेवढ्यात मिस्त्री उठून उभे राहिले.

"बोअर बंद करू नका," ते म्हणाले.

सगळा हॉल हसला. चाळीस वर्षं हे वाक्य ऐकलेली माणसं ती, प्रेमानंच हसली. मागून कोणीतरी म्हणालं की काका, ते आता जुनं झालं. मिस्त्री हसू थांबायची वाट पाहत उभे राहिले, आणि ते थांबायला त्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला.

"सिमेंट नाहीये," ते म्हणाले.

मॅडमनी वही उघडली. "इथं खुणा आहेत, काका."

"खुणा मी केल्यात. सिमेंट केलं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चिकणमाती पाइपाला किती आवळते हे ज्याच्या त्याच्या नशिबावर आहे, काही ठिकाणी कदाचित काहीच होणार नाही, पण कुठं होईल आणि कुठं नाही हे आपल्याला सांगता येत नाही, हेही सांगितलं. बेकरीवाल्याचा मुलगा उठला. हा मनुष्य कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "माझे वडील जाईपर्यंत म्हणायचे," तो म्हणाला, "की मी व्हॉल्व्ह लावला आणि मीच भिंत घालवली. आईनं त्यांना ते कितीदा ऐकवलं." तो बसला. मिस्त्रींना त्याची माफी मागायची होती. त्यांनी मागितलीही, पण आवाज इतका बारीक निघाला की पहिल्या दोन रांगांपलीकडे ती पोहोचली नाही.

थोरली अजून व्हॉल्व्ह हातात धरूनच उभी होती.

"किती?" तिनं विचारलं.

"एक सोडून सगळ्या."

"कुठली एक?"

"आपल्या घरची."

तिनं ते मनाशी लावून पाहिलं. आपलं घर म्हणजे बापाचं घर. तिचं दुकान त्यात येत नव्हतं.

"आणि माझी?"

"तुझ्या दुकानाचं उद्घाटन शुक्रवारी होतं," ते म्हणाले. "मी मशीन घेऊन बुधवारी आलो."

तिनं व्हॉल्व्ह खोक्यात ठेवला आणि खाली बसून पदराला लागलेलं ग्रीस नखानं काढत राहिली. मॅडम मात्र कामाच्या होत्या. रागवायला नंतर वेळ मिळेल असा चेहरा करून त्यांनी फळ्यावरचा डोंगर पुसला आणि दुरुस्तीचा क्रम मांडला. बोअरमध्ये जड चिखल ओतून आधी पाणी दाबायचं, जुना पाइप उपसायचा, भोक मोठं करायचं, नवा पाइप, भोवती सिमेंट, तीन दिवस थांबायचं, मग व्हॉल्व्ह. मशीन आणि माणसं खात्याची. मिस्त्रींनी प्रत्येक ठिकाणी हजर राहायचं, कारण कुठं काय करून ठेवलंय हे त्यांनाच ठाऊक. साठ बोअर, महिन्याला दोन. दुरुस्त झालेल्या बंद होत गेल्या की दाब हळूहळू वाढत जाणार, म्हणून कमी दाबाच्या आत्ताच्या दिवसांत ज्यांच्या घराला जास्त धोका त्यांच्या आधी उरकायच्या. सुरुवात कोणापासून यावर मात्र कालवा झाला. प्रत्येकाला आपलीच फरशी हलताना दिसू लागली होती. कोणीतरी म्हणालं, मिस्त्रींच्या लेकीचीच पहिली होणार, बघाल तुम्ही.

"माझी शेवटी घ्या," थोरली म्हणाली.

मॅडम म्हणाल्या की शेवटी म्हणजे अडीच वर्षांनी, आणि दुकान तर आत्ता बंद पडायला आलंय.

"कळतंय मला. माझ्या दुकानात कोणी झोपत नाही. इतरांच्या घरात लोक झोपतात." मग ती बापाकडे वळली. "बाबा, साठावी माझी. आणि ती तुम्ही स्वतः करायची. खात्याच्या माणसांनी नाही."

मिस्त्रींची बायकोही सभेला होती. घरी परतून अंगणात आल्यावर बाईंनी पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडे बोट केलं आणि विचारलं, "म्हणजे ही एवढी वर्षं बंद करता येत होती?" मिस्त्री हो म्हणाले. बंद केली असती तर शेजाऱ्यांनी विचारलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. बाईंना त्या पाण्याच्या आवाजाचा पहिल्या दिवसापासून तिटकारा होता आणि तसं त्या दर आठवड्याला बोलून दाखवत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरलीकडून एक व्हॉल्व्ह आणवला, मिस्त्रींकडून बसवून घेतला आणि स्वतःच्या हातानं फिरवला. अंगण शांत झालं. दुपारी त्यांना शांततेमुळं झोप लागली नाही, पण हे त्यांनी नवऱ्याला कळू दिलं नाही. सकाळी जावयांची पिंपं भरायची तेवढ्यापुरता त्या व्हॉल्व्ह उघडत आणि भरली की लगेच बंद करत.

थोरलीनं इस्पितळाच्या चादरींचं काम सोडून दिलं. टॉवेल ठेवले. उरलेल्या दोन बायकांपैकी एक राहिली. ती बापाशी बोलत होती, पण कामापुरतं. पिंपं किती, टेम्पो कधी, मॅडमचा फोन आला होता का. पहिली दुरुस्ती बेकरीची ठरली. सिमेंट भरून झालं आणि मिस्त्री तिथं खुर्ची टाकून बसले. जाता-येता लोक विचारत, झालं का काका, आणि ते नाही म्हणत. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

मिस्त्री एकाहत्तर वर्षांचे होते. डॉक्टर या जातीवर त्यांचा विश्वास नव्हता. साखर, रक्तदाब, गुडघे या तिन्हींच्या गोळ्या त्यांनी कपाटात नीट रचून ठेवल्या होत्या आणि त्यांना हात लावला नव्हता. छातीचा फोटो काढा असं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तो काढला नव्हता. बायकोनं समजावून, भांडून, अबोला धरून पाहिलं होतं. बेकरीची बोअर बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तंबाखूची डबी रिकामी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि कोणाला न सांगता दवाखान्यात जाऊन रांगेत बसले.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. खुर्ची पुढं केली आणि काय होतंय ते विचारलं.

"काही होत नाही," मिस्त्री म्हणाले. "मला अडीच वर्षं पाहिजेत. आणि वर तीन दिवस."